प्रतिसाद: स्प्रेच्या रिकाम्या डब्यांना भोक पाडण्याबाबत
स्प्रे-रंगाचा डबा संपला की खिळ्याने भोक पाडून भंगारात द्यावा, ही वर कुणीतरी केलेली सूचना मला धोक्याची वाटते. रंग संपला तरी आत ब्युटेन-प्रोपेनसारखा ज्वलनशील वायू दाबाखाली उरलेला असतो; भोक पाडताच तो बाहेर येतो आणि हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो. मग ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. मी पुण्यात कोथरूडच्या घरी गच्चीवर डबा उलटा धरून फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत बटण दाबतो, तेव्हा रंग जवळजवळ येत नाही, नुसता वायू निघतो आणि पत्रा हाताला गार लागतो (नोझलही आपसूक साफ होते). २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाचे टाकाऊ डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, म्हणून मी ते सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत बांधून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना सांगून देतो, कारण पुढे तो कचरा हातानेच निवडला जातो.