आंतरराष्ट्रीय कायदा कुणाच्या बाजूचा? दादरा-नगर हवेलीचा खटला

मांडवीकाठ:
आंतरराष्ट्रीय कायदा तटस्थ असतो, हे मला पटत नाही. बी. एस. चिम्नी, अँटनी अँघी यांच्यासारखे तिसऱ्या जगाच्या बाजूने मांडणी करणारे अभ्यासक म्हणतात की त्याची घडणच वसाहतवादात झाली. आपल्याच घरचा, दादरा-नगर हवेलीचा खटला बघा. १७७९ चा पुणे तह आणि १७८३, १७८५ च्या सनदा यांद्वारे पेशव्यांनी पोर्तुगीजांना तिथल्या गावांचा वसूल दिला, सालिना बारा हजारांचा सरंजाम. १९५४ मध्ये तो भाग मुक्त झाला आणि दमणहून भारताच्या हद्दीतून तिथे जायची वाट मागत पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानेच म्हटलं की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं. मग ते पोर्तुगालचं झालं कसं? मागाहून आलेल्या इंग्रजांनी तसं मानलं म्हणून! ज्या वारली-कोकणा लोकांची ती जमीन, त्यांचं मत कुठे आहे?

बारकावा:
निकाल अर्धाच सांगितलात. पोर्तुगालला वाट मिळाली ती खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि मालापुरती. फौज, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नाही. शिवाय १९५४ मध्ये वाट अडवून भारताने कर्तव्यभंग केला नाही, असंही न्यायालयाने ठरवलं. न्यायाधीशांनी सव्वाशे वर्षांची वहिवाट तपासली. याला पक्षपात म्हणायचं?

मांडवीकाठ:
वहिवाट कुणाची, तेही सांगा ना. फौजेला परवानगी लागते हे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातलं. म्हणजे आपण जिंकलो तेसुद्धा इंग्रजांनी घालून दिलेल्या रिवाजावर. माझा आक्षेप न्यायाधीशांच्या हेतूवर नाही, कोणता पुरावा पुरावा म्हणून चालतो यावर आहे.

सरळरेष:
मग गोव्याचं काय? डिसेंबर १९६१ मध्ये भारताने तिथे फौज घातली, तेव्हा सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सात मतं पडली, सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो बारगळला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४) मध्ये बळाच्या वापराला बंदी आहे, आणि दुबळ्या देशांना तेवढाच आधार आहे. ‘वसाहत होती’ म्हणून आपण त्याला भोक पाडलं, तर उद्या बलाढ्य देश ‘मुक्ती’च्या नावाखाली कुठेही घुसतील.

मांडवीकाठ:
भोक नव्हे, तोपर्यंत कायदाच बदलला होता. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वसाहतमुक्तीचा ठराव १५१४ हा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, आणि दुसऱ्याच दिवशी ठराव १५४२ ने गोव्याचं नाव घेऊन पोर्तुगालकडे त्याच्या वसाहतींची माहिती मागितली. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हटलं होतं, म्हणजे आपल्याकडे वसाहतीच नाहीत असा दावा. ती पळवाट तिथेच बुजली.

बारकावा:
म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दुबळ्या देशांनी हाच कायदा वापरून बाजी मारली. तो मुळातच त्यांच्या विरोधात असता तर हे जमलं नसतं. आणि ‘लोकांना विचारलं का’ हा तुमचा प्रश्न भारतालाही लावा. १९६७ चा जनमत कौल महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं एवढ्यापुरता होता. भारतात यायचं का, हे गोवेकरांना कधी विचारलंच नाही.