चार्लीशिवाय ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव लावायचं का?

उलटी सुई

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ ला गेला, वयाच्या ८० व्या वर्षी. त्यानंतर ‘रोलिंग स्टोन्स’ या नावाने दौरे आणि नवे अल्बम व्हायला नको होते. गायक मिक जॅगर आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्सने घरी बसावं असं मी म्हणत नाही. वाजवा की, हातपाय चालतायत तोवर वाजवा. नाव तेवढं बदला.

“ड्रमर तर गेला, गाणारा आणि गिटारवाला आहेत ना!” असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं खोलात. बहुतेक रॉक बँडांत ड्रमर लय धरतो आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये कीथची गिटार पुढे आणि चार्ली तिच्या मागे, केसभर अंतराने. म्हणून त्यांचा ठेका झुलतो. आता घसरणार असं वाटतं आणि घसरत नाही. दुसरं म्हणजे डावा हात स्नेअरवर (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर) पडताना चार्ली उजवा हात हाय-हॅटवरून (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवरून) उचलायचा. बाकीचे ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात, हा तेवढी जागा मोकळी सोडायचा. कुठल्याही जुन्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावा आणि मिकच्या कमरेऐवजी चार्लीच्या उजव्या मनगटाकडे बघा. जानेवारी १९६३ पासून ५८ वर्षं त्या बँडचा आवाज या मनगटावर उभा होता.

लेड झेपलिनने काय केलं आठवा. २५ सप्टेंबर १९८० ला त्यांचा ड्रमर जॉन बोनहॅम गेला, फक्त ३२ वर्षांचा. अमेरिकेचा दौरा तोंडावर होता. ४ डिसेंबरला चार ओळींचं निवेदन आलं आणि बँड संपला. याला म्हणतात मान राखणं.

नेरुळकर

अहो, पण चार्लीनेच आपल्या जागी ड्रमर स्टीव्ह जॉर्डनला बसवलं ना? ऑगस्टच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तेव्हा त्याच्या संमतीने जाहीर झालं की दौरा थांबणार नाही, स्टीव्ह वाजवेल. कोविडमुळे लोक आधीच तिकिटं घेऊन ताटकळले होते. २६ सप्टेंबरला सेंट लुईसला पहिला कार्यक्रम झाला. सुरुवातीला रिकामा मंच, नुसता ड्रम्सचा आवाज आणि पडद्यावर चार्लीचे फोटो. मान राखणं म्हणजे आणखी काय असतं? ज्याची जागा होती त्याने स्वतः माणूस निवडून दिला. आता आपण कोण त्याच्या वतीने हरकत घेणारे?

उलटी सुई

@नेरुळकर, त्याने बदली दिली होती. बरा होऊन परत येणार या हिशेबाने. एका दौऱ्यापुरती दिलेली बदली कायमची नेमणूक समजायची, असं कुठे ठरलं?

सुपारीबहाद्दर

मी साउंडच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझं मत ‘कलेचं’ नाही, पोटाचं आहे. दौरा म्हणजे स्टेजवरचे चार चेहरे नव्हेत. मॉनिटरवाला, लाइटवाला, ट्रक चालवणारे, कपड्यांना इस्त्री करणारी बाई, सगळ्यांनी ते महिने त्या कामाला बांधून दिलेले असतात. दुसऱ्या सुपाऱ्या सोडलेल्या असतात. आमच्याकडे छोट्या ऑर्केस्ट्रात मुख्य गायकाच्या घरी दुःखद झालं, तरी तारीख सांभाळावीच लागते. आयोजक आगाऊ रक्कम परत मागतो आणि ती केव्हाच खर्च झालेली असते.

‘द हू’ या बँडचं उदाहरण घ्या. त्यांचा बेसवादक जॉन एन्टविसल २७ जून २००२ ला लास वेगासच्या हॉटेलात गेला, दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. १ जुलैला हॉलिवुड बोलमध्ये पिनो पॅलाडिनोला बेस देऊन बँड उभा राहिला. तेव्हा लोकांनी निर्दय म्हणून झोडपलं. मला तर ते सर्वांत जबाबदार वागणं वाटतं.

कृष्णाकाठ

चार दिवस? अहो, आमच्याकडे तेवढ्यात सुतकसुद्धा फिटत नाही!

असो. मी वाईची, त्यामुळे या विषयात ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आल्याशिवाय मला राहवणार नाही. वर पसरणीचा घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत पन्नाशीच्या दशकात फारुख बुलसारा नावाचा झांझिबारहून आलेला पारशी मुलगा शिकत होता, ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळेतल्या बँडमध्ये पियानो वाजवत होता. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला.

आता क्वीनने काय केलं बघा. बेसवादक जॉन डीकन १९९७ नंतर बाजूलाच झाला, त्यांच्याबरोबर पुन्हा वाजवायला आला नाही. उरलेल्या ब्रायन मे आणि रॉजर टेलरनी पुढे गायक म्हणून पॉल रॉजर्सला घेतलं, मग अ‍ॅडम लॅम्बर्टला. पण पोस्टरवर काय लिहितात? ‘क्वीन’, मग अधिकचं चिन्ह, मग अ‍ॅडम लॅम्बर्ट. त्या चिन्हात सगळं स्वच्छ आहे. हा माणूस पाहुणा आहे, फ्रेडी नाही, तुम्ही काय विकत घेताय ते समजून घ्या. लॅम्बर्टही मंचावरून प्रेक्षकांना तेच सांगत आलाय. ही रीत मला पटते.

पटत नाही ते एकच. ब्रायन एकटा स्टुलावर बसून ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ गातो आणि शेवटी पडद्यावर फ्रेडी येऊन उरलेल्या ओळी गातो. लोक मोबाइलचे दिवे हलवत रडतात. मला ते बघवत नाही. गेलेल्या माणसाला रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कामाला उभं करायचं, हे काय? त्यापेक्षा जिवंत बदली गायक कितीतरी बरा.

जुना रेडिओ

आपल्याकडे हा खटला केव्हाच चालून गेलाय. १२ सप्टेंबर १९७१ ला जयकिशन गेले. त्यानंतर शंकर १९८७ पर्यंत जगले आणि एकट्याने चाली करत राहिले, पण श्रेयनामावलीत नाव कायम ‘शंकर-जयकिशन’. उलट लक्ष्मीकांत १९९८ मध्ये गेले आणि प्यारेलालजींनी सिनेमाच्या कामातून जवळजवळ अंगच काढून घेतलं. दोघांपैकी कोणाला मित्राबद्दल प्रेम कमी होतं? मला तरी ठरवता येत नाही. ‘उलटी सुई’ यांना बरं येतं.

उलटी सुई

@जुना रेडिओ, टोमणा पोचला. पण शंकरजींनी जयकिशनच्या जागी तिसऱ्याला बसवून त्याला जयकिशन म्हटलं नाही. जागा रिकामी ठेवून नाव ठेवलं. स्टोन्सची जागा रिकामी नाही.

@कृष्णाकाठ, तुमचं अधिकचं चिन्ह मला चालेल. ‘रोलिंग स्टोन्स’ अधिक स्टीव्ह जॉर्डन. लिहा तसं पोस्टरवर, मी धागा बंद करतो.

हाय-हॅटवाला

कॉलेजपासून ड्रम्स वाजवतो. मूळ लेखातलं मनगटाचं निरीक्षण अगदी बरोबर. चार्लीची काठी धरायची पद्धतही जॅझवाल्यांची, डावा तळवा वर. ड्रम्सचा संच एवढासा. बाकीचे लोक किल्ला बांधून आत बसायचे तेव्हा हा चार ड्रम आणि दोन-तीन झांजांवर स्टेडियम हलवायचा.

पण आता ऐका. ‘यू कान्ट ऑलवेज गेट व्हॉट यू वॉन्ट’ हे स्टोन्सच्या सगळ्यात लाडक्या गाण्यांपैकी एक. त्याच्यावर ड्रम्स कोणी वाजवलेत? जिमी मिलरने. निर्माता होता तो. चार्लीला तो ठेका हवा तसा बसेना, म्हणून मिलर स्वतः बसला. ‘हॅपी’वरही तोच. मग ही गाणी स्टोन्सची नाहीत? चार्ली जिवंत असताना, त्याच खोलीत असताना, त्याच्याशिवाय स्टोन्स वाजले आहेत आणि उत्तम वाजले आहेत.

जॉर्डनबद्दल ‘भाड्याचा ड्रमर’ असा सूर दिसतो, तोही चुकीचा. ऐंशीच्या दशकात कीथने स्वतःचा वेगळा बँड काढला त्यात ड्रमर आणि सहलेखक जॉर्डनच होता. कीथच्या गिटारमागे कसं चालायचं हे जिवंत माणसांत त्याच्याइतकं क्वचितच कोणाला कळत असेल. तो चार्लीपेक्षा जड वाजवतो, ठेका जास्त सरळ ठेवतो, हे खरं. मला व्यक्तिशः थोडा जास्तच जड वाटतो. पण वाईट? मुळीच नाही.

शंकासुर

मूळ लेखकांना एकच प्रश्न. ब्रायन जोन्सचं काय?

बँड काढला ब्रायनने, १९६२ मध्ये. नाव ठेवलं ब्रायनने, मडी वॉटर्सच्या गाण्यावरून. ३ जुलै १९६९ ला तो स्वतःच्या घरच्या जलतरण तलावात गेला. ५ जुलैला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, स्टोन्स लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाखोंच्या गर्दीसमोर वाजवत होते. मिकने पांढरा झगा घालून शेलीची कविता वाचली, खोक्यांतून फुलपाखरं सोडली (त्यातली बरीच आधीच मेलेली होती), आणि मिक टेलर नावाचा वीस वर्षांचा पोरगा ब्रायनच्या जागी उभा होता. तुमचा नियम लावला तर बँड तिथेच संपतो. ‘स्टिकी फिंगर्स’ नाही, ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ नाही. आणि बरं का, त्या दिवशी मागे ड्रम्सवर तुमचा चार्लीच होता.

उलटी सुई

@शंकासुर, ब्रायनला जूनमध्येच काढलं होतं. मिक, कीथ आणि चार्ली त्याच्या घरी जाऊन सांगून आले होते. तो गेला तेव्हा तो स्टोन नव्हता. टेलर त्याच्या जिवंतपणी आलेला होता.

शंकासुर

म्हणजे माणसाला आधी काढून टाकलं की नाव शुद्ध राहतं, आणि शेवटपर्यंत निष्ठेने वाजवून मेला की नाव बुडतं? अजब न्याय आहे राव.

मेटलची मामी

+१ शंकासुर.

एसी/डीसी बँडचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला गेला. ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम आला २५ जुलैला. पाच महिने! वेष्टन काळंठिक्कर, पहिल्याच गाण्याच्या आधी घंटेचे टोल. सुतकही पाळलं आणि कामही केलं. जगात सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांत तो मोडतो. थांबले असते तर कुणाचं भलं झालं असतं? आणि झेपलिनच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्यांनी १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफिलीतला त्यांचा कार्यक्रम ऐकावा. फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्पसन असे दोन ड्रमर बसवूनही गाडी रुळावर येईना. पुढे अधिकृत डीव्हीडीत तो भाग घालायलाच त्यांनी नकार दिला.

जुना रेडिओ

अवांतर: झेपलिनवाले २००७ मध्ये लंडनला एका रात्रीपुरते एकत्र आले तेव्हा बोनहॅमचा मुलगा जेसन होता ड्रम्सवर. ते मात्र जमलं. नंतर दौऱ्याची मागणी कितीही झाली तरी गायक रॉबर्ट प्लांट बधला नाही.

नव्वदीतला

तुमच्या सगळ्यांत मी लहान, त्यामुळे माझा बँड लिंकिन पार्क. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला तेव्हा आम्ही हॉस्टेलवर रात्रभर गाणी लावली होती. २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन ते परत आले आणि पुढे मुंबईच्या लोलापालूझा संगीत महोत्सवासाठी त्यांचं नाव जाहीर झालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, बाईच्या आवाजात ती गाणी नकोतच. दुसरा म्हणतो, चेस्टरसारखा आवाज काढणारा पोरगा आणला असता तर ती नक्कल झाली असती, बाई आणली म्हणून निदान तुलना टळली.

मी दुसऱ्या तटात. पण ड्रमर बदलला तर नाव बदला म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. आमच्याकडे अख्खा आवाज बदललाय.

नेरुळकर

रश बँडचं बघा ना. त्यांचा ड्रमर नील पर्ट जानेवारी २०२० मध्ये गेल्यावर “आता संपलं” असंच सगळे धरून चालले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी अनिका निलेस या जर्मन ड्रमर बाईला घेऊन २०२६ चा दौरा जाहीर केला, आणि पर्टच्या पत्नीने आणि मुलीने त्याला उघड पाठिंबा दिला. घरच्यांची हरकत नाही, सोबत्यांची नाही. हरकत फक्त आपली!

उलटी सुई

घरच्यांचा आशीर्वाद हा त्यांच्या दुःखाचा प्रश्न झाला. मी तिकीट घेणाऱ्याच्या बाजूने बोलतोय. एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्नवर वाजवून गेले, तेव्हा ज्याने पैसे मोजले त्याला मिक, कीथ, दुसरा गिटारवाला रॉनी वुड आणि चार्ली मिळाले. आज तेच नाव वाचून जो तिकीट काढतो त्याला तीन मिळतात.

ग्रेटफुल डेड बँडने हे नीट केलं. त्यांचा म्होरक्या जेरी गार्सिया ऑगस्ट १९९५ मध्ये गेला, डिसेंबरमध्ये उरलेल्यांनी नाव मिटवलं. नंतर ‘द अदर वन्स’, ‘फर्दर’, ‘डेड अँड कंपनी’ अशा वेगवेगळ्या पाट्या लावून वाजवत राहिले. गाणी तीच. लोकही आले, पैसाही आला. मग स्टोन्सना काय अडचण होती?

सुपारीबहाद्दर

अडचण नावातच आहे. ‘मिक, कीथ आणि मंडळी’ अशी पाटी लावून ह्यूस्टनचं स्टेडियम भरेल का हो? २०२४ च्या त्यांच्या दौऱ्याचा प्रायोजक होती एएआरपी, अमेरिकेतली पन्नाशीपुढच्या लोकांची संघटना. हसू नका, सत्य आहे. हे प्रेक्षक तरुणपणीच्या नावाला पैसे देतात.

आणि तुमचं ‘तीन मिळतात’ही तपासून घ्या. स्टोन्सचा बेसवादक बिल वायमन १९९३ मध्ये सोडून गेला. तेव्हापासून बेस डॅरिल जोन्स वाजवतोय. २००३ ला ब्रेबॉर्नवरही तोच होता आणि आजही तो बँडचा सभासद नाही, मानधनावर आहे. त्याची कोणी आठवण काढली? ३० वर्षं वाजवून माणूस तुमच्या मोजणीत येत नाही आणि तुम्ही नावाच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलता.

कृष्णाकाठ

डॅरिलचा मुद्दा खरंच बोचणारा आहे. त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

हाय-हॅटवाला

@उलटी सुई, शेवटचं विचारतो. चार्ली गेल्यावर आलेल्या स्टोन्सच्या ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बमवर बारा गाणी आहेत. त्यातल्या दोनांवर, ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’वर, चार्ली आहे. तो जायच्या आधी ध्वनिमुद्रित केलेली. दुसऱ्यावर तर वायमनही आहे. तुमच्या हिशेबाने तो अल्बम कोणाचा? दोन गाणी स्टोन्सची आणि दहा तोतयांची? वेष्टनावर टक्केवारी छापायची का?

उलटी सुई

छापायची. बिस्किटाच्या पुड्यावर छापतात तर इथे काय हरकत आहे?

शंकासुर

मग बारीक अक्षरात डॅरिलचंही नाव टाका.