यलो अलर्ट आलाय, द्राक्षं आत्ता तोडू का थांबू?

प्रश्न (निफाडहून): मार्च लागला की पोटात गोळाच येतो. दोन एकर बाग तोडणीला आलीय आन चार दिवस झाले मोबाइलवर रोज तेच, 'तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस, गारपिटीची शक्यता', काल थेंब नाही पडला, आज परत आभाळ भरून आलंय, व्यापारी म्हणतो शनिवारी बघू. कशावर विश्वास ठेवायचा?

उत्तर १: दादा, त्यातला 'तुरळक' शब्द नीट बघा. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. म्हणजे तुम्ही कोरडे राहिलात आणि शेजारच्या तालुक्यात गारा पडल्या तरी अंदाज बरोबरच. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा. गारांचा ढग थोड्याच भागावर असतो, तासा-दोन तासात बरसून मोकळा, कुठल्या गावावर पडणार ते चार दिवस आधी नाही सांगता येत.

उत्तर २: मी लातूरकडचा, २०१४ ची गारपीट डोळ्यांनी पाहिलीय, उभी ज्वारी आडवी झाली होती. जिल्ह्याचा अंदाज फक्त तयारीसाठी धरा, दुपारनंतर मात्र हवामान खात्याचा नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, बघत रहा आणि विजांचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा, मजूर बागेत असतील तर नक्कीच. माल गोड झाला असेल तर थांबू नका भाऊ.

प्रश्नकर्ता: गोडी आलीय. व्यापाऱ्याला फोन लावला, उद्या पहाटेच गाडी येतीय. लई आभार.