रेडिओवरची अशी मुलाखत, जी तुम्ही चार जणांना ऐकायला लावली

राजकारण, इतिहास, पैसा, पुस्तकं, विषय कुठलाही चालेल. मुलाखत मात्र सार्वजनिक रेडिओवरची हवी. नुसती नावं नकोत, काय लक्षात राहिलं तेही लिहा. माझ्यापासून सुरुवात. २०११ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या 'फ्रेश एअर' कार्यक्रमात टेरी ग्रोस मॉरिस सेंडॅकशी बोलल्या. सेंडॅक मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार-लेखक, वय ८३. गेलेल्या मित्रांचा विषय निघाला की आवाज कापरा होतो, तरी बोलणं रडकं नाही. पुढच्या मे महिन्यात ते गेलेच.

नागपूर
बाबासाहेबांची बीबीसी रेडिओवरची १९५५ ची मुलाखत, विषय गांधीजी. आमच्या घरात शासनाने छापलेले खंड कपाटभर आहेत, पण हा आवाज मी फार उशिरा ऐकला. त्यांचा मुद्दा साधा आहे: भक्तांना महात्मा दिसला, माझी गाठ विरोधक म्हणून पडली, त्यामुळे मला माणूस जास्त कळला. गांधीजींचं इंग्रजी पत्रांतलं लिखाण आणि गुजरातीतलं लिखाण शेजारी ठेवून वाचा, असंही ते सुचवतात. पुणे कराराबद्दल तर सरळ सौदा झाल्यासारखं बोलतात. पटो न पटो, ऐकाच. छापील उताऱ्यात त्यांचं ते ठासून, तोलून बोलणं येत नाही.

ठाणे (बँकेतून निवृत्त)
पैशाचं मी सांगतो. 'द जायंट पूल ऑफ मनी', 'धिस अमेरिकन लाइफ' हा रेडिओ कार्यक्रम आणि एनपीआर न्यूज, मे २००८. म्हणजे अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडायच्या चार महिने आधी! उत्पन्नाचा पुरावा नको, मालमत्तेचा नको, घ्या गृहकर्ज. मग दलाल, बँक, वॉल स्ट्रीट अशी साखळी माणसं गाठून उलगडली आहे. एक कर्जदार स्वतःच म्हणतो की मी तर मला कर्ज दिलं नसतं. आमच्या शाखेत असा कागद पुढे सरकला असता तर साहेबांनी फाईल भिरकावली असती.

सातारा
काका, ही मुलाखत कुठे? हा तर माहितीपट झाला.

ठाणे
असेल. पण त्या कर्जदाराला विचारलेले प्रश्न मुलाखतीचेच आहेत ना?

न्यू जर्सी
'इन अवर टाइम'. १९९८ पासून बीबीसी रेडिओ फोरवर, तीन प्राध्यापक आणि २०२५ पर्यंत सूत्रधार मेल्विन ब्रॅग. पाहुणा भरकटला की ब्रॅग त्याला मुद्द्यावर ओढायचे. गाडी चालवताना उत्तम.

लंडन
'पार्टिशन व्हॉइसेस', २०१७, बीबीसी रेडिओ फोर, कविता पुरी. ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झालेल्यांनी फाळणीबद्दल पोटच्या मुलांनाही काही सांगितलं नव्हतं. खुद्द पुरींचे वडील जवळपास सत्तर वर्षं गप्प होते. आपल्या मराठी घरांत फाळणी पुस्तकातूनच आली, म्हणून मला हे जास्त लागलं. आमच्या शेजारच्या पंजाबी आजींना मी ते लावून दिलं. एक भाग झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता माझ्या मुलाला बोलाव, त्यालाही ऐकू दे."