गूगल डॉक्समध्ये अंक खाली कसा उतरवायचा?

प्रश्न:
मी रसायनशास्त्र शिकवते. सराव प्रश्नपत्रिकेत पाण्याच्या सूत्रातला २ खाली उतरवायला प्रत्येक वेळी फॉरमॅट, मग टेक्स्ट, मग सबस्क्रिप्ट असा फेरा पडतो. चाळीसएक सूत्रं आहेत, हात दुखून आला. शिवाय अंक उतरवला की पुढची अक्षरंही खालीच राहतात. काही सोपी वाट?

उत्तर १:
ताई, अंक निवडा आणि कंट्रोल दाबून ठेवून स्वल्पविराम दाबा, अंक खाली जातो. कंट्रोल आणि पूर्णविराम दाबलं की वर जातो. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. टाइप करतानाच उतरवायचा असेल तर आधी कंट्रोल-स्वल्पविराम दाबा, अंक टाइप झाला की तेच पुन्हा दाबा, पुढची अक्षरं जागेवर येतात.

उत्तर २:
एक काळजी घ्या. ही नुसती सजावट असते. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवला की २ पुन्हा ओळीत येऊन बसतो. तिथेही खालीच हवा असेल तर इन्सर्टमधल्या स्पेशल कॅरेक्टर्समधून मुळातच खाली असलेला अंक घ्या. मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, असे तयार अंक इंग्रजीच आहेत, देवनागरी नाहीत. देवनागरीसाठी कळच वापरा.

प्रश्नकर्ती:
जमलं! सल्फ्यूरिक आम्लाचे २ आणि ४ दोन्ही नीट बसले. सूत्रात अंक ओळीत राहिला की मुलं त्याला गुणक समजतात, म्हणून एवढा जीव टाकत होते. मनापासून आभार.