राजांगणाच्या घरातलं ऑफिस: वायर ओढावी की वाय-फायवर भागवावं?

हिशोबनीस_डिचोली

नमस्कार मंडळी. डिचोली बाजाराच्या मागं जुनं घर भाड्यानं घेऊन टॅक्स कन्सल्टन्सी चालवतोय. मधे राजांगण, चारी बाजूंना खोल्या, चिऱ्यांच्या दीड-दोन फुटी भिंती, वर मंगळुरी कौलं. सहा डेस्कटॉप, दोन लॅपटॉप आणि एक मोठा प्रिंटर-स्कॅनर. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा माझ्या खोलीतल्या मशीनवर असतो, बाकीचे तिथूनच उघडतात. एक डेस्कटॉप परसातल्या वेगळ्या खोलीत आहे, जुन्या फायलींबरोबर.

सध्या सगळा कारभार नेटवाल्यानं वसरीत ठेवलेल्या राउटरवर. राजांगणापलीकडं एक-दोन कांड्या येतात. पाऊस लागल्यापासून तर व्हाउचर सेव्ह करताना टॅली अडकते, आणि जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख काही आपल्यासाठी थांबत नाही. आमचा आर्टिकलवाला पोरगा म्हणतो मेश घ्या, म्हणजे वाय-फाय एकमेकांकडून पुढं वाटणारे डबे. कॉम्प्युटरच्या दुकानवाला म्हणतो सगळीकडं वायर ओढा. घरमालक म्हणतात भिंतीला ड्रिल लावायचं नाही. कोणाचं ऐकू?

पाटो_कोडर

पोराचं ऐका. आमच्या पणजीच्या ऑफिसात दहा-बारा जण आहेत, एकाच्याही टेबलावर वायर नाही. मेशचे तीन डबे ठेवले, विषय संपला. आजच्या काळात वायर कोण ओढतं?

केबलवाला_म्हापसा

मी ओढतो, पोट त्यावरच चालतं. तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबानं घ्या.

कोडरबाब सांगतात ते त्यांच्या जागेपुरतं खरं आहे. पाटोवर काचेची पार्टिशनं, जिप्समचं सिलिंग आणि काम सगळं ब्राउझरमधलं. तिथं मीही टेबलाटेबलाला वायर सांगणार नाही. डिचोलीत मात्र मधे दोन गोष्टी येतात: चिरा आणि टॅली.

आधी चिरा. सच्छिद्र दगड, पावसाळाभर पाणी पितो, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. वाय-फायच्या पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशी एक भिंत कसाबसा ओलांडतो, दुसरीला दम तोडतो. २.४ जरा पुढं जातो, पण त्यात एकमेकांत न घुसणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खा बाजार त्याच तिघांवर बसलेला. म्हणजे पाऊस लागल्यावर कांड्या उतरल्या, तर राउटर बदलून फार फरक पडणार नाही.

आता टॅली. ‘नेट १०० एमबीपीएसचं, मग गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची, वायर कशाला?’ हे मला जाईन तिथं विचारतात. अहो, तुमच्या टॅलीची फाइल इंटरनेटवर जातच नाही. ती या खोलीतून त्या खोलीत जाते, घरातल्या घरात. वाय-फायवर एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. कोणी स्कॅन केलेली जाडजूड पीडीएफ ढकलत असला की व्हाउचरवाला ताटकळलाच. सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात त्या डब्यावर, म्हणजे स्विचवर, प्रत्येकाची वाट वेगळी, जाणं-येणं एकाच वेळी.

तरीही वेग हा मुख्य मुद्दा नाहीच. मुद्दा आहे तुटण्याचा. व्हिडिओ पाहताना सिग्नल क्षणभर गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाइलवर चार जण लिहीत असताना गेला, तर ती फाइल बिघडू शकते. वायरवर असं होण्याची शक्यता खूपच कमी.

म्हणून मी असं करीन. सहाही डेस्कटॉप आणि प्रिंटर वायरवर. स्विच १६ पोर्टचा, कारण सहा मशीन, प्रिंटर आणि राउटर इथंच आठ भरले. लॅपटॉप, मोबाइल आणि येणारे पक्षकार वाय-फायवर. पक्षकारांना गेस्ट नेटवर्क द्या, त्यांच्या मोबाइलचं तुमच्या टॅलीच्या मशीनजवळ काही काम नाही. वाय-फायसाठी राजांगणाच्या समोरासमोरच्या बाजूंना एकेक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय सोडणारा डबा, दोन्ही वायरनं जोडलेले. पीओई स्विच घेतलात तर त्याच केबलमधून करंटही जातो, माळ्यावर प्लग पॉइंट काढावा लागत नाही. आणि राजांगण तुमच्या बाजूनं आहे हे विसरू नका! मधे भिंत नाही, सिग्नल उघड्यावरून समोरच्या दारा-खिडक्यांत शिरतो. फक्त डबा वळचणीच्या आत, झड लागणार नाही असा बसवा.

मेशबद्दल: डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील, तर भिंतीतून गाळून उरलेला सिग्नलच दुसरा डबा पुढं वाटणार. मेशच्या डब्यांना वायर जोडली तर उत्तम चालतात, पण मग वायर आलीच ना.

परसातल्या खोलीला तांब्याची केबल बाहेरून नेऊ नका. फायबर, म्हणजे काचेची केबल, टाका; दोन टोकांना तिच्यातला प्रकाशाचा सिग्नल साध्या वायरीवर आणणारे मीडिया कन्व्हर्टर. वळवाच्या पावसात आणि पुन्हा ऑक्टोबरात आपल्याकडं विजा कशा कडाडतात ते सांगायला नको. जवळपास कुठं वीज पडली तरी लांब तांब्याच्या तारेत झटका उतरतो आणि आतला स्विच घेऊन जातो. काच करंट नेत नाही. मात्र ज्यात लोखंडी तार नाही असंच फायबर मागा.

हिशोबनीस_डिचोली

एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं, आभारी आहे. पण ड्रिलचं काय? आणि माळ्यावर उंदीर आहेत, मांजर पाळूनही.

शाळा_फोंडा

केसिंग पट्टी डबल टेपनं चिकटवायचा विचार असेल तर सोडा. आमच्या लॅबमध्ये चुन्याच्या ओल्या भिंतीवरून चवथीच्या सुट्टीत पट्ट्या खाली लोंबत होत्या. प्रिंटरला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) कायमचा ठरवून द्या, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की प्रिंटर हरवतो. आणि राउटर, स्विच, फायबरचा डबा तिन्ही एका छोट्या यूपीएसवर ठेवा.

केबलवाला_म्हापसा

ताईंनी यूपीएसचं सांगितलं ते मी लिहायला हवं होतं.

ड्रिलची गरज नाही. कौलारू घरात खोल्यांच्या भिंती बहुधा माळ्याच्या वर मोकळ्याच असतात, केबल तिथून फिरते. खाली उतरवायची ती दाराच्या चौकटीला लागून, लाकडाला क्लिप मारून. तेवढ्यापुरती घरमालकांची परवानगी आधी घ्या. उंदरांसाठी केबल आयएसआय मार्कच्या जाड पीव्हीसी पाइपातून, पाइपाची तोंडं बुजवून. विजेच्या वायरिंगला समांतर चिकटवून नेऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात.

केबल कॅट ६ घ्या. गिगाबिटला कॅट ५ई सुद्धा पुरते, पण भावात फार फरक नसेल तर ६. मात्र घेताना डोळे उघडे ठेवा. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली केबल भरपूर मिळते. एक तार सोलून ब्लेडनं खरवडा. आत पांढरी चमक दिसली की दुकानदाराला राम राम करा. ती वाकवली की तुटते, आणि पीओईच्या करंटनं जास्त तापते. एका सलग केबलला १०० मीटरची मर्यादा असते, तुमच्या घरात तेवढी लागायची नाही.

दोन्ही टोकांना नंबर लिहा, पक्क्या मार्करनं. आणि प्रत्येक पाइपात केबलबरोबर एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढं आणखी एक केबल ओढायची झाली तर तिलाच बांधून ओढता येते, माळ्यावर पुन्हा कोणाला चढवावं लागत नाही.

हिशोबनीस_डिचोली

२० तारीख गेली की काम काढतो. म्हापशाहून डिचोलीला येता का तुम्ही?

केबलवाला_म्हापसा

येतो की. शुक्रवार सोडून कधीही सांगा, त्या दिवशी बाजारामुळं आमच्या गल्लीतून गाडी बाहेर निघत नाही.