अनुभव धागा : लहान मुलांचं चढणं, लोंबकळणं, उड्या मारणं

वर्षाचं मूल सोफा, जिना, खिडकीचे गज, दिसेल त्यावर चढतं. घरातले "उतर आधी!" म्हणतात. मुलांसोबत रोज काम करणाऱ्यांनी इथे लिहावं: कोणत्या वयात काय द्यावं, किती उंचीवर, आणि गडबड कुठे होते. मापं आणि कृती हवी, "मोकळं सोडा" एवढंच नको.

फिजिओ_सातारा

चढताना डावा हात-उजवा पाय अशी जोडी आलटूनपालटून चालते, खांदे वजन पेलतात, मूठ घट्ट होते. पेन्सिल धरून बोटं लवकर दमणाऱ्या मुलाकडून जास्त गिरवून घेण्याआधी त्याला लोंबकळू द्या. खांदा आणि मनगट स्थिर नसेल तर बोटांचं बारीक काम नीट होत नाही.

जिन्यावर चढणं आधी येतं, उतरणं उशिरा. मूल रांगत दोन पायऱ्या चढू लागलं की लगेच उतरणं शिकवायला घ्या. त्याला पोटावर वळवायचं, पाय खालच्या बाजूला, एक पाऊल टेकलं की मग दुसरं. तोंडाने फक्त "पाय आधी". दोन वर्षांचं मूल प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवतं. एकाआड एक पाय टाकत चढणं साधारण तिसऱ्या वर्षी येतं, तसंच उतरणं चौथ्याच्या आसपास.

आणि कृपा करून मुलाला एका मनगटाला धरून वर ओढू नका. पाच वर्षांच्या आत कोपराजवळचं हाड बंधातून सहज सरकतं. मूल तो हात अंगाशी धरून ठेवतं, वापरत नाही. चोळायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. उचलायचं तर काखेत हात घालून.

बालवाडीताई

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. तीन-चार वर्षांच्यांसाठी त्यातली ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी.

पावसाळ्यात वर्गातच वाट मांडता येते. दोन लोड शेजारी, त्यावर गादी, झाला डोंगर. पुढे पाटांची रांग, शेवटी घडी घातलेल्या गोधडीवर उडी. फरशीवर पाट सरकतो, म्हणून खाली ओलसर गोणपाट. मोजे काढायचे, अनवाणी पायाची बोटं पकड घेतात. एका वेळी चारच मुलं. जास्त झाली की मागचा पुढच्याला ढकलतो, आणि पडणं बहुतेक वेळा त्यातूनच होतं.

मूल वर असताना "पडशील!" ओरडलं की ते वळून आपल्याकडे बघतं आणि पाय चुकतो. "आता पाय कुठे ठेवशील?" असं शांतपणे विचारा. जिथे त्याला स्वतः चढता येत नाही तिथे उचलून ठेवू नका. जे स्वतः चढतं त्याला आलेली वाट माहीत असते.

नवी_आई

फ्लॅटमध्ये कशापासून सुरुवात करावी?

बालवाडीताई

आधी खिडकी आणि बाल्कनीजवळचे पलंग, खुर्च्या, कुंड्या हलवा. कपाट आणि टीव्हीचं टेबल एल-पट्टीने भिंतीला पक्कं करा. उघडे खण ही मुलांची शिडीच असते. एवढं झालं की सोफ्याच्या उशा जमिनीवर.

मल्लखांबवाला

खांबाचे तीन भाग: वर बोंड, मग मान, खाली अंग. लहानांना कमी उंचीचा, कमी जाडीचा खांब हवा. जाड खांबाला मांड्यांची मिठी बसत नाही, मग मूल सगळा भार हातांवर घेतं आणि दमून सुटतं. एरंडेल तेल हलक्या हाताने लावायचं. कमी पडलं तर कातडी सोलते, जास्त झालं तर पकड जाते. साधी अढी, म्हणजे पायांनी खांबाला घातलेली पकड, येईपर्यंत पुढचं काही नाही, आणि खाली गादी कायम.

दोरीवर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी पकडायला शिकवतो. वर जाण्याआधी उतरणं: हाताखाली हात घेत यायचं, सर्रकन घसरायचं नाही. घसरलं की तळहात आणि मांड्या भाजल्यासारख्या होतात, आणि मूल पुढचे कित्येक दिवस दोरीला हात लावत नाही.

सोसायटी_बाग

बागेत टेप घेऊन जा. दोन दांड्यांमधली फट ९ ते २३ सेंटीमीटर असेल तर धोका: अंग आरपार जातं, डोकं अडकतं. चार फुटांपर्यंतच्या खेळण्याखाली ९ इंच सैल वाळू, आणि चारी बाजूंना सहा फूट मोकळी जागा. पावसाने वाळू दगडासारखी बसते, ती फावड्याने उकरावी लागते. हाताने लोंबकळत पुढे जायची आडवी शिडी चार वर्षांखालच्यांना नको.

घसरगुंडीवर बाळाला मांडीवर घेऊन बसू नका. त्याचा बूट कडेला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन खाली ओढतं आणि नडगीचं हाड मोडतं. सायकलचं हेल्मेट, ओढणी, गळ्यातला दोरा चढण्याआधी काढायचा.

परसातली_झाडं

शिकायला पेरू उत्तम: फांद्या खालपासून फुटतात आणि लवचीक असतात. शेवगा आणि जांभूळ नको, फांदी जाडजूड दिसली तरी कडकन मोडते. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे गठ्ठेही बसतात. आंब्यावर पानं शिवलेली लाल मुंग्यांची घरटी आधी बघा. नियम एकच: दोन हात, दोन पाय, यातले तीन कायम टेकलेले. पाय फांदीच्या टोकाकडे नाही, खोडाला लागून. सुकी फांदी आपण आधीच हाताने वाकवून मोडून टाकायची. पाऊस पडून गेल्यावर खोडावर हात फिरवून बघा; बुळबुळीत लागलं तर त्या दिवशी चढणं बंद.